मेणवलीचा वाडा

सातारा जिल्ह्यात वाईपासून सुमारे ३ किलोमीटरांवर, कृष्णा नदीच्या काठी, मेणवली नावाचे एक लहानसे गाव आहे. पेशवाईतील विख्यात मुत्सद्दी नाना फडणवीस यांचा वाडा तेथे उभा आहे. नानांचा जन्म १७४२ मध्ये साताऱ्यास झाला. त्यांचा सारा कारभार पुण्यास असला, तरी हे घर त्यांनी कृष्णाकाठी बांधले.

बाहेरून येणाऱ्याच्या दृष्टीस प्रथम उंच, भक्कम भिंतीच पडतात. इंग्लंडातील जुन्या उमरावांची खेड्यांतील घरे याहून अगदी निराळी. तेथे उन्हाचे दुर्भिक्ष. म्हणून त्या घरांच्या मोठमोठ्या खिडक्या बाहेरच्या बागेकडे उघडतात. आपल्याकडे ऊन प्रखर आणि त्या काळी लुटारूंचे भय. म्हणून वाड्याने रस्त्याकडे पाठ केली आणि तोंड आतल्या चौकाकडे वळवले.

मेणवलीच्या वाड्यात असे सहा चौक आहेत. चौक म्हणजे मधोमध आकाशाला उघडी असलेली मोकळी जागा व तिच्या भोवतीचे सोपे. चौकातून उजेड आत येतो, तापलेली हवा वर निघून जाते आणि सोप्यांत सावली राहते. वाड्यांमध्ये सामान्यतः बाहेरच्या चौकात कारभार चाले, तर आतल्या चौकात कुटुंब वावरे. मजल्यांचा व छपराचा भार लाकडी खांब आणि तुळया पेलतात. या वाड्यातील काही भिंतींवर देवादिकांची रंगीत चित्रेही आहेत.

वाड्यामागे नदीवर दगडी घाट व देवळे आहेत. तेथे एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर माता मेरी व बाळ येशू यांची आकृती दिसते. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण होय.

लाकडाचे घर देखणे खरे. परंतु त्याला अग्नी, पाणी आणि वाळवी असे तीन वैरी असतात. पुण्याच्या शनिवारवाड्याला १८२८ मध्ये आग लागली व आतील इमारती भस्मसात झाल्या. आज तेथे तट, दरवाजे आणि जोतीच काय ती उरली आहेत. पाण्याचे वैर याहून छुपे. एक कौल सरकले, की पावसाचे पाणी तुळईत मुरते. तुळई कुजली, की मजला खचतो.

मेणवलीचा वाडा मात्र टिकला आणि त्याच्याबरोबर नानांचे दप्तरही टिकले. इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांनी ते कागद प्रकाशात आणले, त्यामुळे पेशवाईतील अनेक घटनांचा उलगडा झाला. ते छप्पर वेळीच शाकारले गेले नसते, तर घराबरोबर इतिहासाची ती पानेही भिजून नाहीशी झाली असती. वाडा बांधणाऱ्याचे नाव सर्वांस ठाऊक असते; दर पावसाळ्यापूर्वी कौले नीट बसवणाऱ्या हातांची नावे कोणी लिहून ठेवत नाही. तरीही वाडा उभा राहतो, तो त्या हातांमुळेच.