रक्तांतील एक अक्षर

मनुष्याच्या रक्ताचा एक थेंब कांचेवर पसरून सूक्ष्मदर्शक यंत्रांतून पाहिला, तर त्यांत तांबूस रंगाच्या असंख्य वाटोळ्या चकत्या दृष्टीस पडतात. ह्यांस तांबड्या पेशी असें नांव आहे. टांचणीच्या डोक्याएवढ्या, म्हणजे सुमारें एक घन मिलिमीटर रक्तांत, निरोगी माणसाच्या ठायीं अशा सुमारें ५० लक्ष पेशी असतात. परंतु कांहीं माणसांच्या रक्तांत ह्या वाटोळ्या चकत्यांबरोबर गवत कापण्याच्या विळ्यासारख्या वांकड्या व टोकदार पेशीहि आढळतात. शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक ह्यांनीं सन १९१० मध्यें अशा पेशींचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें विळ्याच्या इंग्रजी नांवावरून ह्या रोगास ‘सिकलसेल’ हें नांव पडलें.

हा रोग दूर देशींचा आहे असें कोणीं समजूं नये. विदर्भांतील नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ह्या जिल्ह्यांत व सातपुड्याच्या पायथ्याशीं नंदुरबारकडे त्याचें नांव अनेक घरांतून ठाऊक आहे. आम्हीं आज हाच विषय घेण्याचें कारण दुहेरी आहे. जिवंत पेशींत कारभार कसा चालतो हें विद्यार्थ्यांस समजावून देण्यास ह्याहून चांगलें उदाहरण नाहीं. आणि ज्यांच्या घरीं उपवर मुलगे व मुली आहेत अशा आईबापांस हें ज्ञान अत्यंत जरूरीचें आहे.

प्रथम पेशीच्या आंत डोकावूं. तांबडी पेशी म्हणजे प्राणवायु वाहून नेणारी एक लवचीक गोणी होय. ह्या गोणींत जो जिन्नस ठासून भरलेला असतो, त्याचें नांव हिमोग्लोबिन. हें एक प्रथिन आहे. एकेका पेशींत त्याचे २५ कोटींहून अधिक रेणु असतात. प्रत्येक रेणु चार माळांचा बनलेला असतो. त्यांपैकीं दोन माळांत १४१ मणी व दोन माळांत १४६ मणी, असे एकंदर ५७४ मणी होतात. ह्या मण्यांस अमिनो आम्लें म्हणतात. आपल्या देहांतील सर्व प्रथिनें मुख्यत्वें अशा २० जातींच्या मण्यांचीं ओवलेलीं असतात. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक माळेच्या कुशींत लोहाचा एक कण जपून ठेविलेला असतो; फुप्फुसांत तो प्राणवायूस धरतो व जेथें गरज असेल तेथें सोडून देतो.

मण्यांची माळ ओवून झाली म्हणजे ती सरळ राहत नाहीं. कांहीं मण्यांस पाण्याचा सहवास प्रिय असतो, कांहींस तो नकोसा असतो. पाणी टाळणारे मणी बहुतेक आंत दडतात, पाण्याशीं जुळणारे बाहेर राहतात, आणि माळ आपली आपणच दुमडून ठराविक आकार घेते. तो आकार बरोबर असला तरच प्रथिन आपलें काम नीट करतें. म्हणून कोणत्या जागीं कोणता मणी यावा, ह्यास अतिशय महत्त्व आहे.

मग हा क्रम कोण ठरवितो? त्याचें उत्तर पेशीच्या केंद्रांत आहे. तेथें डी.एन.ए. नांवाचा लांब दोरीसारखा पदार्थ असतो. फ्रीड्रिख मीशर ह्या स्विस शास्त्रज्ञास सन १८६९ मध्यें जखमेच्या पट्ट्यांवरील पुवांत ह्या पदार्थाचा प्रथम शोध लागला. परंतु आनुवंशिक गुणांचा सांठा त्यांतच आहे, ह्याचा सबळ पुरावा सन १९४४ मध्यें एव्हरी, मॅक्लिऑड व मॅकार्टी ह्यांनीं दिला. आणि सन १९५३ मध्यें वॉटसन व क्रिक ह्यांनीं, रोझलिंड फ्रँकलिन ह्या विदुषीच्या क्षकिरण चित्रांचा आधार घेऊन, त्याची दुहेरी पिळाची रचना उकलून दाखविली. ह्या पिळावर चारच अक्षरांची लिपि आहे : ए, टी, जी व सी. माणसाच्या बीजांतील एका पूर्ण संचांत अशीं सुमारें ३०० कोटि अक्षरें असतात, आणि देहाच्या बहुतेक पेशींत असे दोन संच असतात. एक आईकडून आलेला व दुसरा बापाकडून आलेला.

ही लिपि वाचण्याची रीत एखाद्या जुन्या छापखान्यावरून चांगली ध्यानांत येईल. मूळ हस्तलिखित मौल्यवान् असल्यामुळें तें कपाटांतून बाहेर काढीत नाहींत. जेवढा भाग छापावयाचा तेवढ्याची नक्कल करून जुळाऱ्याच्या हातीं देतात. पेशींतहि असेंच घडतें. डी.एन.ए. केंद्रांत सुरक्षित राहतो. त्यांतील हव्या त्या भागाची नक्कल आर.एन.ए. नांवाच्या पदार्थांत उतरते व केंद्राबाहेर येते. बाहेर रायबोसोम नांवाचें सूक्ष्म यंत्र बसलेलें असतें. तें नक्कल वाचतें व सांगितल्याप्रमाणें एकामागून एक मणी ओवीत जातें. वाचण्याचा नियम असा कीं तीन तीन अक्षरांचा एक शब्द धरावयाचा, व एका शब्दास एक मणी घालावयाचा. चार अक्षरांचे असे ६४ शब्द होतात. त्यांतील ६१ शब्द मण्यांचीं नांवें सांगतात व तीन शब्द ‘येथें थांब’ अशी आज्ञा देतात. ह्या शब्दकोशाची उकल करणाऱ्यांत फाळणीपूर्व हिंदुस्थानांत जन्मलेले हरगोविंद खुराना हे एक होते. त्यांस सन १९६८ चें नोबेल पारितोषिक इतर दोघां शास्त्रज्ञांसह मिळालें. रायबोसोमच्या रचनेचा शोध लावणाऱ्यांत चिदंबरम् येथें जन्मलेले व बडोद्यास शिकलेले वेंकटरामन् रामकृष्णन् हे होते. त्यांस सन २००९ मध्यें तोच मान दोघां सहकाऱ्यांसह लाभला.

आतां आपल्या मूळ प्रश्नाकडे वळूं. हिमोग्लोबिनच्या १४६ मण्यांच्या माळेंत सहाव्या जागीं ग्लुटामिक आम्लाचा मणी असावा लागतो. त्यासाठीं डी.एन.ए. मध्यें जी-ए-जी असा शब्द लिहिलेला असतो. सिकलसेल रोगांत ह्या ठिकाणीं जी-टी-जी असा शब्द असतो. मधलें एकच अक्षर पालटलें! परंतु जी-टी-जी ह्या शब्दाचा अर्थ व्हॅलीन नांवाचा निराळा मणी असा होतो. मराठींत ‘दिन’ व ‘दीन’ ह्या शब्दांत एका वेलांटीचा फरक. पण एकाचा अर्थ दिवस, तर दुसऱ्याचा गरीब. तसाच हा प्रकार समजावा. प्रत्येक अक्षरबदल इतका घातकच असतो असेंहि नाहीं. जी-ए-जी च्या जागीं जी-ए-ए आलें असतें तर कांहींच बिघडलें नसतें, कारण त्याहि शब्दाचा अर्थ ग्लुटामिक आम्ल असाच आहे.

ग्लुटामिक आम्ल पाण्याशीं मिळून मिसळून राहणारें आहे. व्हॅलीन पाणी टाळणारें आहे, आणि दुर्दैवानें ही सहावी जागा रेणूच्या बाहेरच्या बाजूस येते. पाण्यावर सांडलेले तेलाचे थेंब जसे एकमेकांस जाऊन मिळतात, तसें हें व्हॅलीन आश्रय शोधूं लागतें. हिमोग्लोबिननें प्राणवायु सोडला म्हणजे त्याच्या अंगावर एक लहानशी खांच उघडी पडते. शेजारच्या रेणूचें व्हॅलीन तींत नेमकें बसतें. एकास दुसरा, दुसऱ्यास तिसरा असे रेणु जोडले जाऊन त्यांचे ताठ दोर बनतात. हे दोर पेशीस आंतून ताणतात व तिला विळ्याचा आकार देतात. फुप्फुसांत प्राणवायु पुन्हां मिळाला कीं दोर विरघळतात व पेशी पूर्ववत् होते. परंतु असें वारंवार घडल्यावर तिचें कवच बिघडून ती कायमची वांकडी राहते.

ह्यापुढील सर्व दुःख ह्या वांकड्या पेशींतून उद्भवतें. निरोगी पेशी लवचीक असल्यामुळें आपल्याहून अरुंद अशा केशवाहिनींतूनहि अंग चोरून निघून जाते. वांकडी पेशी तेथें अडकते. मग पुढच्या भागास रक्त मिळत नाहीं व हाडांत, सांध्यांत, पोटांत, छातींत असह्य कळा येतात. प्लीहेस इजा होऊन जंतूंशीं लढण्याची शक्ति उणावते. निरोगी तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. ही मात्र १० ते २० दिवसांत फुटते, म्हणून रोग्याचें रक्त सदा कमी राहतें व डोळे पिवळसर दिसतात. असें मूल वर्गांत पेंगतें, कवायतींत मागें पडतें, थंडींत व तापांत अंथरूण धरतें. त्यास आळशी म्हणून बोल लावण्यापूर्वीं शिक्षकांनीं व पालकांनीं दोनदां विचार करावा.

रोगाचें मूळ रेणूंतच आहे, हें सन १९४९ मध्यें अमेरिकेंतील लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सिद्ध केलें. विजेच्या क्षेत्रांत ठेविलें असतां रोग्याचें हिमोग्लोबिन निरोग्याच्या हिमोग्लोबिनहून निराळ्या गतीनें सरकतें, असें त्यांस दिसून आलें. नेमका कोणता मणी पालटला आहे, हें केंब्रिज येथील व्हर्नन इंग्रॅम ह्यांनीं सन १९५६-५७ मध्यें शोधून काढिलें. एका मण्याच्या बदलानें सबंध देह आजारी पडतो, हें अशा रीतीनें जगास प्रथमच कळलें.

आतां पालकांनीं विशेष लक्ष द्यावें. प्रत्येकाजवळ ह्या माळेच्या लेखाच्या दोन प्रती असतात. दोन्ही शुद्ध असल्यास माणूस निरोगी असतो. एक शुद्ध व एक पालटलेली असल्यास त्यास वाहक म्हणतात. तो बहुधा आयुष्यभर निरोगीच राहतो व आपण वाहक आहों हें त्यास तपासणीवांचून कळतहि नाहीं. दोन्ही प्रती पालटलेल्या असतील तरच हा रोग होतो. आई व बाप दोघेहि वाहक असल्यास, प्रत्येक गरोदरपणीं मूल रोगी होण्याचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा चारांत दोन, व सर्वस्वीं मुक्त असण्याचा चारांत एक असतो. पहिलें मूल रोगी झालें म्हणून पुढचीं तीन खात्रीनें सुटलीं, असा हिशेब कोणीं करूं नये. उडविलेल्या नाण्यास मागचा कौल आठवत नसतो. दोघांपैकीं एकच वाहक असून दुसऱ्याच्या दोन्ही प्रती शुद्ध असतील, तर मुलांस हा रोग होत नाहीं. फार तर तीं वाहक होतात.

कोणी विचारील कीं, इतका अपायकारक बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा? त्याचें कारण अँथनी अ‍ॅलिसन ह्यांनीं सन १९५४ मध्यें आफ्रिकेंतील पाहणीवरून दाखविलें. वाहकांस घातक हिंवतापापासून पुष्कळ संरक्षण मिळतें. जेथें रानांत व दलदलींत हिंवतापानें मुलें दगावत, तेथें वाहक मुलें अधिक जगलीं व तें अक्षर वंशांत राहिलें. तेव्हां वाहक असणें हा कुळाचा कलंक नव्हे. पूर्वजांनीं एका भयंकर शत्रूशीं दिलेल्या झुंजीची ती खूण आहे.

उपायांविषयीं थोडें सांगतों. भरपूर पाणी पिणें, थंडी व अतिश्रम टाळणें, ताप येतांच वैद्यकीय मदत घेणें, आणि लहानपणीं ठराविक लसी व औषधें न चुकविणें, ह्यांनीं पुष्कळ हाल वांचतात. गर्भांत असतांना बालकाच्या रक्तांत निराळें हिमोग्लोबिन असतें व त्यांत ही चूक नसते. म्हणून पहिले कांहीं महिने रोग प्रगट होत नाहीं. हायड्रॉक्सियुरिया नांवाचें औषध हेंच बाल-हिमोग्लोबिन पुन्हां वाढवितें. सन २०२३ मध्यें ब्रिटन व अमेरिका येथें डी.एन.ए. मध्येंच फेरफार करून तेंच साधणाऱ्या उपचारास मान्यता मिळाली. परंतु त्याचा खर्च सामान्य माणसाच्या आटोक्याबाहेरचा आहे. भारत सरकारनेंहि १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहडोल येथून ह्या रोगाच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली व ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटि लोकांची तपासणी करण्याचें योजिलें.

परंतु तपासणीस लोक भितात, ती सुईस नव्हे, लाजेस. मुलीचें लग्न मोडेल म्हणून कागद लपविले जातात. आजारी मूल जन्मलें कीं सुनेस दूषण दिलें जातें. हें केवळ अज्ञान आहे. वर सांगितल्याप्रमाणें रोगी मुलास एक प्रत आईची व एक बापाची आलेली असते. मग दोष एकटीच्या माथीं कसा? योहानाच्या शुभवर्तमानांत जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनीं प्रभूस विचारिलें कीं पाप कोणाचें, ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें. आणि प्रभूनें तें कोणाच्याहि माथीं मारण्याचें नाकारिलें व त्या मनुष्यास दृष्टि दिली. आम्हांसहि तोच कित्ता गिरवावयाचा आहे. पत्रिका जुळविण्यास जे आईबाप आठवडे घालवितात, त्यांनीं विवाह ठरण्यापूर्वीं दोन्ही बाजूंच्या रक्ताची तपासणी करून घ्यावी. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या बांकावर शेजारी असें मूल बसत असेल, तर त्याची पाण्याची बाटली भरून आणण्यास पुढें व्हा. त्याच्या रक्तांतील अक्षर तुम्हांस पालटतां येणार नाहीं. त्याचा दिवस मात्र तुम्हांस सुखाचा करतां येईल.