परदेशातून बुद्धमूर्ती आणताना : सीमाशुल्क व एकूण खर्चाचा अंदाज

परमपूज्य बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोड येथे रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तेव्हापासून ब्रह्मदेश, थायलंड, जपान या बौद्ध देशांशी आपले नाते वाढतच गेले. आज महाराष्ट्रातील अनेक विहारांत थायलंडच्या मूर्ती विराजमान आहेत. आपल्या अचलपूर-परतवाडा भागातील उपासकांच्या मनातही अशी इच्छा येणे स्वाभाविक आहे. परंतु मूर्तीची किंमत म्हणजे मूर्तीचा खर्च नव्हे. वर्गणीचे पावतीपुस्तक छापण्यापूर्वी हा फरक समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट, विक्रेता जो भाव सांगतो तो कुठपर्यंतचा आहे हे विचारावे. 'एफओबी बँकॉक' म्हणजे माल तेथील बंदरात बोटीवर चढेपर्यंतचा भाव. पुढचे भाडे व विमा आपल्याकडे. 'सीआयएफ न्हावा शेवा' म्हणजे भाडे व विमा धरून आपल्या बंदरापर्यंतचा भाव. मात्र सीमाशुल्क, म्हणजे कस्टम ड्युटी, या दोन्हींत नसते.

सीमाशुल्क आकारले जाते ते किंमत, भाडे व विमा यांच्या बेरजेवर. भाड्याचा आकडा उपलब्ध नसेल तर नियमानुसार एफओबी किमतीच्या 20 टक्के भाडे धरतात आणि विम्याचा आकडा नसेल तर 1.125 टक्के विमा धरतात. म्हणून भाड्याची व विम्याची कागदपत्रे जपून ठेवावीत.

आता एक उदाहरण घेऊ. यातील दर केवळ समजण्यासाठी धरले आहेत.

मूर्तीची किंमत 4,40,000 रुपये
बोटीचे भाडे 55,000 रुपये
विमा 5,000 रुपये
शुल्कासाठी मूल्य 5,00,000 रुपये
मूळ सीमाशुल्क 10 टक्के : 50,000 रुपये
समाजकल्याण अधिभार, मूळ शुल्काच्या 10 टक्के : 5,000 रुपये
बेरीज 5,55,000 रुपये
या बेरजेवर एकात्मिक जीएसटी 18 टक्के : 99,900 रुपये
एकूण शुल्क 1,54,900 रुपये

येथे दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. अधिभार हा मालाच्या मूल्यावर नसून शुल्कावर आहे आणि जीएसटी हा मूल्यावरच नसून शुल्क मिळवलेल्या बेरजेवर आहे. 10, 10 व 18 यांची बेरीज करून कोणी 38 टक्के धरील, तर कोणी अधिभार विसरून 28 टक्के धरील. प्रत्यक्षात येथे 30.98 टक्के होतात. व्यापाऱ्याला हा जीएसटी पुढे वजावटीत मिळू शकतो. विहाराला मूर्ती विकायची नसते, म्हणून आपल्या दृष्टीने तो पूर्ण खर्चच होय.

दर ठरतो तो वस्तूच्या वर्गीकरणावरून. धातूची, लाकडाची व दगडाची मूर्ती सीमाशुल्काच्या यादीत वेगवेगळ्या शीर्षकांखाली येते. वरील उदाहरणात जीएसटी 5 टक्के लागला तर 27,750 रुपये होतील, म्हणजे 72,150 रुपयांचा फरक. म्हणून आगाऊ रक्कम पाठविण्यापूर्वीच परवानाधारक कस्टम्स एजंटाकडून वर्गीकरण व दर लेखी घ्यावेत. जुन्या माहितीवर विसंबू नये. 1991 च्या अर्थसंकल्पात सीमाशुल्काचा कमाल दर 150 टक्क्यांवर आणला होता, तो 1995 मध्ये 50 टक्क्यांवर आला. दर बदलत असतात.

रुपयाचा भावही तसाच. बाबासाहेबांनी 1923 साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ याच प्रश्नावर लिहिला, हे आपण जाणतोच. बँक पैसे पाठवताना आपला दर लावते, तर शुल्कासाठी सीमाशुल्क खात्याचा जाहीर दर धरतात. दोन्ही बदलते असल्याने एकूण अंदाजात किमान 10 टक्के रक्कम राखीव ठेवावी.

बँकेत जाण्यापूर्वी आयात-निर्यात कोड क्रमांक हवा. त्याच्या अर्जाचे शुल्क 500 रुपये आहे. आगाऊ पैसे पाठविल्यास माल खरोखर आल्याचा पुरावा म्हणून 'बिल ऑफ एन्ट्री'चा तपशील बँकेला द्यावा लागतो. थायलंडमधून बुद्धमूर्ती बाहेर नेण्यास तेथील ललित कला विभागाची परवानगी लागते. ती कोण काढणार, हे व्यवहारातच लिहून घ्यावे.

याशिवाय एजंटाची फी, बंदराचा आकार, क्रेन, ट्रकभाडे व हमाली हे खर्च आहेत. ते आपण 75,000 रुपये धरले, तर 4,40,000 रुपयांची मूर्ती अचलपुरात 7,29,900 रुपयांना पडते. राखीव रक्कम यावर वेगळी. पैसे कमी पडून माल बंदरात अडकला तर ठरलेल्या मुदतीनंतर दर दिवशी दंडवजा भाडे चढते. मग दुसऱ्यांदा वर्गणी मागण्याची पाळी येते आणि लोकांच्या मनात नको त्या शंका निर्माण होतात.

मूर्ती दानात मिळत असली, तरी केवळ भेट आहे म्हणून शुल्क माफ होत नाही. विक्रेत्याने 'किंमत शून्य' लिहून भागत नाही. मूल्य खरे दाखवावेच लागते. शिवाय परदेशी दात्याने संस्थेला दिलेली वस्तू हेदेखील 2010 च्या कायद्यानुसार विदेशी अंशदानच ठरते. त्यासाठी संस्थेची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आधी हवी.

शेतमजूर, गिरणी कामगार, भाजी विकणाऱ्या आयाबहिणी यांच्या दहा-वीस रुपयांतून विहार उभे राहतात. त्यांना मूर्तीच्या किमतीचा नव्हे, तर संपूर्ण खर्चाचा आकडा पहिल्याच सभेत सांगावा. अंदाजपत्रक विहाराच्या फलकावर लावावे आणि मूर्ती आल्यावर प्रत्यक्ष खर्च त्याच्याच शेजारी लावावा. सम्यक आजीविकेचा उपदेश करणाऱ्या तथागतांची मूर्ती आणताना आपला हिशेबही सम्यकच असला पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!