वाडीचे पाणी आणि कोयनेचा भ्रंश

पावसाळ्यात नृसिंहवाडीत पाणी पायऱ्यांनी मोजतात. घाटाच्या किती पायऱ्या बुडाल्या, पाणी मंडपात आले का, दक्षिणद्वार कधी होणार, अशी चौकशी गावोगावहून होत राहते. उत्तरेकडून मंदिरात शिरलेली कृष्णा दत्तपादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते, तेव्हा त्या पाण्यात स्नानासाठी भाविकांची रीघ लागते. कोयना किती टीएमसी भरली, वारणेतून विसर्ग किती सोडला, हेही त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी असते. कोयना कराडला कृष्णेला मिळते, वारणा सांगलीजवळ हरिपूरला. वाडीच्या संगमावर पंचगंगा येण्याआधीच ही दोन्ही पाणी कृष्णेत मिसळलेली असतात. टीएमसीचे हे आकडे आपण पुरासाठी वाचतो. भूकंपशास्त्रज्ञ तेच आकडे जमिनीखालच्या हालचालीसाठी वाचत आले आहेत.

11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनानगर हादरले. भूकंपाची तीव्रता 6.3 होती. सुमारे दोनशे माणसे दगावली, हजारो बेघर झाली आणि 103 मीटर उंचीच्या धरणाला तडे गेले. कोयनेपासून वाडी सरळ रेषेत सुमारे 120 किलोमीटर आहे. कठीण खडकातून प्राथमिक लहरी सेकंदाला साधारण 6 किलोमीटर धावतात, दुय्यम लहरी साधारण साडेतीन. या हिशेबाने पहिला, आतून आल्यासारखा बारीक धक्का वाडीला विसाव्या सेकंदाच्या सुमारास पोहोचतो. जमीन आडवी हलवणारा, भिंतींना अधिक घातक असा दुसरा धक्का त्यानंतर चौदा-एक सेकंदांनी येतो. दोन लहरींमधल्या वेळेच्या याच अंतरावरून भूकंपमापन केंद्रे भूकंप किती दूर झाला ते काढतात.

त्या काळच्या समजुतीप्रमाणे दख्खनचे पठार म्हणजे अढळ जमीन. भूकंपप्रवणतेच्या नकाशातही कोयनेचा भाग सुरक्षित मानलेला होता. 1967 नंतर तो नकाशा बदलावा लागला. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय 1962 च्या सुमारास भरू लागला आणि तेव्हापासूनच परिसरात लहान धक्के, जमिनीतून गडगडाट सुरू झाले होते. पूर्ण भरलेल्या जलाशयात 105 टीएमसी, म्हणजे सुमारे 300 कोटी टन पाणी असते. मात्र एवढ्या मोठ्या भूकंपाची ऊर्जा त्या वजनातून येत नाही. भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत आशियाला रेटतो आहे. त्या रेट्याचा ताण पठाराखालच्या जुन्या भ्रंशांवर, म्हणजे खडकांतल्या तडांवर, दीर्घकाळ साठत आला आहे. भ्रंशाच्या दोन्ही बाजूंचे खडक घर्षणाने एकमेकांना धरून असतात. जलाशयाचा दाब भेगांतल्या पाण्यातून खोलवर पोहोचला, की खडकांना एकमेकांवर आवळून धरणारा जोर कमी होतो. ताण आधीच काठोकाठ असेल, तर भ्रंश घसरतो.

याचा सबळ पुरावा काळाने दिला. पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतरच्या महिन्यांत कोयनेचे धक्के वाढतात, हे वर्षानुवर्षे दिसले. वारणेचे धरण 1985 नंतर भरू लागले आणि 1993 पासून त्याही भागात भूकंपांची संख्या वाढली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी किती वेगाने चढते, किती उंचीवर जाते आणि तिथे किती काळ टिकते, याचा मोठ्या धक्क्यांशी संबंध तपासला. पुढे भ्रंशाच्या जवळ जाण्यासाठी कराडला खास प्रयोगशाळा उभी राहिली आणि कोयना परिसरातल्या गोठण्याला 2017 मध्ये 3 किलोमीटर खोल विंधन पूर्ण झाले. सुमारे एक किलोमीटर बेसाल्टच्या खाली लगेच प्राचीन ग्रॅनाइट लागतो, आणि इथले भूकंप मुख्यतः त्या ग्रॅनाइटमध्ये जन्मतात. जगात धरणालगतचे बहुतेक भूकंप काही वर्षांत शमतात. कोयना-वारणेच्या साधारण 20 बाय 30 किलोमीटरच्या पट्ट्यात ते सहा दशके चालू आहेत.

वाडी या पट्ट्यापासून दूर आहे, पण ती नद्यांनी आणलेल्या गाळावर वसली आहे. खडकातून मऊ गाळात शिरताना लहरींचा वेग घटतो आणि जमिनीचे हलणे वाढते. शिवाय दर मोठ्या पुरात मातीच्या जोडाईच्या भिंती भिजून कमकुवत होतात; 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी वाडीच्या शिरोळ तालुक्यात ते दाखवून दिले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड छपरे कोसळून.

भूकंपाची तारीख आज कोणतेही शास्त्र सांगू शकत नाही. घर मात्र मजबूत करता येते. दगडी भिंतीत दोन्ही बाजू सांधणारे आरपार दगड, दारे-खिडक्यांवरून सर्व भिंतींना बांधणारा सळईचा काँक्रीट पट्टा, छपरावरचे ओझे कमी: ही कामे गावच्या गवंड्याला जमणारी आहेत. पूर ओसरल्यावर घराची डागडुजी होतेच. तेव्हाच हेही करावे आणि सरकारी पूरमदतीत त्याचा खर्च धरावा. सुरुवात शाळांपासून आणि यात्रेकरू उतरतात त्या जुन्या वाड्यांपासून व्हावी, कारण तिथे एका छपराखाली सर्वांत जास्त माणसे असतात.