विरल द्रावणांची विशिष्ट उष्णता

बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत १९११ साली अध्यापनास प्रारंभ झाला, तेव्हा आरंभीच्या मोजक्या विभागांत रसायनशास्त्रास स्थान होते. संस्थेचे पहिले संचालक मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी १८९८ साली विल्यम रॅम्झे यांच्यासमवेत निऑन, क्रिप्टॉन व झेनॉन हे वायू शोधून काढले होते. याच नगरात केलेल्या एका साध्या प्रयोगाचा विचार करू.

एक मोलर हायड्रोक्लोरिक अम्ल व तितकेच तीव्र सोडियम हायड्रॉक्साइड यांची प्रत्येकी ५० घन सेंटिमीटर द्रावणे उष्मामापकात एकत्र केली असता तापमान सुमारे पावणेसात अंशांनी चढते. उत्पन्न झालेली उष्णता काढताना विद्यार्थी दोन गोष्टी गृहीत धरतो : मिश्रणाचे वस्तुमान १०० ग्रॅम आहे, आणि त्याची विशिष्ट उष्णता पाण्याइतकीच, म्हणजे ग्रॅमला व अंशाला ४.१८ ज्यूल आहे.

वस्तुतः दोन्ही गृहीते सदोष आहेत. मिश्रण सुमारे १०३ ग्रॅम भरते, आणि त्याची विशिष्ट उष्णता ४.०३ च्या आसपास असते. परंतु एक चूक उत्तर कमी करते, तर दुसरी वाढविते; म्हणून अंतिम उत्तर केवळ एक टक्क्याच्या आसपास चुकते. याउलट, एखाद्याने काटेकोरपणे वस्तुमान तोलले आणि ४.१८ हा आकडा मात्र तसाच ठेवला, तर चूक सुमारे चार टक्क्यांवर जाते! अर्धवट सुधारणा ही कधी कधी मूळच्या स्थूल अंदाजाहून अधिक फसवी ठरते.

विशिष्ट उष्णता घटते ती का? मीठ स्वतः पाण्याइतकी उष्णता सामावून घेत नाही, हे एक कारण. दुसरे अधिक विस्मयकारक आहे. एक किलोग्रॅम पाण्यात थोडे मीठ विरघळविले, तर वजन वाढूनही ते सर्व द्रावण एक अंश तापविण्यास शुद्ध पाण्याहून किंचित कमी उष्णता लागते. पाण्याचे रेणू परस्परांशी हायड्रोजन-बंधांनी जोडलेले असतात, आणि ते बंध सैल करण्यात पुष्कळ उष्णता खर्ची पडते. विद्युत्‌भारित आयन सभोवतालचे रेणू आपल्याकडे ओढून धरतात व ही घडण बिघडवितात.

अशा गृहीतांस स्थळाचीही मर्यादा असते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच असल्याने तेथे पाणी सुमारे ९७ अंशांसच उकळते. उकळत्या पाण्यात तापविलेला धातूचा तुकडा उष्मामापकात सोडताना त्याचे तापमान १०० अंश मानणाऱ्या विद्यार्थ्याने प्रथम तापमापकाकडे पाहावे.