पक्ष्याच्या डोळ्याला डोळा

पक्ष्याचं व्यक्तिचित्र चांगलं की वाईट, हे लेन्सच्या लांबीपेक्षा कॅमेऱ्याच्या उंचीवर अधिक ठरतं. उजनीच्या पाणफुगवट्यावर, भिगवणला, रोहित पक्षी उंच काठावरून टिपला की त्याच्यालगतचा चिखलच पार्श्वभूमी होऊन बसतो. कॅमेरा पाण्यालगत आणला की मागचं सारं दूर जाऊन धूसर होतं आणि तो पिवळसर डोळा थेट नजरेला भिडतो. त्या डोळ्यात प्रकाशाचा ठिपका नसेल, तर पीस न् पीस रेखीव येऊनही पक्षी पेंढा भरलेला वाटतो. महागड्या लेन्सशिवाय हे जमणार कसं, असा आक्षेप येईल. लांब लेन्स अंतर राखू देते, हे खरंच (आणि भित्र्या पक्ष्यांसाठी ते मोलाचं आहे). पण जवळच्या पक्ष्यावर उंचावरून पडलेली नजर ती खाली आणत नाही. घरट्याजवळ मात्र कोणतीच लेन्स नको. बिचकलेला पक्षी अंडी उन्हात उघडी टाकून उडतो.