स्पॅनिशमधील इच्छार्थ आणि आदरार्थी आज्ञा

स्पॅनिशच्या प्रारंभिक पाठ्यपुस्तकांत आदरार्थी आज्ञेची रूपे बहुधा स्वतंत्र कोष्टकात दिलेली असतात. इच्छार्थाचा विचार पुष्कळ पुढे येतो. ही वाटणी अध्यापनास सोयीची असली तरी भाषेच्या रचनेशी विसंगत आहे. आदरार्थी आज्ञेला त्या भाषेत स्वतःचे रूपच नाही. ते इच्छार्थी वर्तमानाचे रूप होय. (मराठी व्याकरणातील चार अर्थांपैकी एकही या अर्थाशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून येथे 'इच्छार्थ' ही संज्ञा योजिली आहे.)

याचे मूळ 'उस्तेद' या सर्वनामात आहे. 'बुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा', हे आदराचे संबोधन झिजून 'उस्तेद' झाले. समोरच्या व्यक्तीचा निर्देश असा नामाने होऊ लागताच क्रियापद तृतीयपुरुषी ठरले. आज्ञार्थाची खरी रूपे मात्र द्वितीयपुरुषाचीच. तेव्हा तृतीयपुरुषाविषयीची इच्छा दर्शविणारे रूप त्या जागी आले. 'के पासे एल दोक्तोर' म्हणजे 'डॉक्टरांनी आत यावे'. 'पासे, दोक्तोर' म्हणजे 'डॉक्टर, आत या'. क्रियापद तेच. मराठीतही 'त्यांनी बसावे' आणि 'आपण बसावे' यांत विध्यर्थाचे एकच रूप दोन्ही कामे करते. आंद्रेस बेयो यांनी आपल्या १८४७ च्या व्याकरणात आज्ञार्थाला इच्छादर्शक अर्थाचाच एक विशेष मानले, ते उगीच नव्हे.

रूपसिद्धी सोपी आहे. वर्तमानाच्या प्रथमपुरुषी एकवचनातील अंत्य 'ओ' काढून 'आर'कारान्त धातूंस 'ए' आणि इतरांस 'आ' लावावा: 'आब्लो' (मी बोलतो) – 'आब्ले', 'कोमो' (मी खातो) – 'कोमा', 'तेंगो' (माझ्याजवळ आहे) – 'तेंगा'. अपवाद थोडे आहेत. परंतु या एका स्वरावर बरेच अवलंबून असते. वडीलधाऱ्यास 'आब्ले'ऐवजी 'आब्ला' म्हटले, की ती एकेरी आज्ञा होते.

निषेधात तर एकेरी आज्ञाही आपले रूप सोडते. 'बोलू नकोस' म्हणजे 'नो आब्लेस', हे इच्छार्थाचेच रूप. 'नो आब्ला' हे आज्ञा न राहता 'तो बोलत नाही' असे साधे विधान होते. कोष्टक पाठ करणारा विद्यार्थी नेमका येथेच अडखळतो.

तरीही आज्ञा आणि इच्छा यांत वाक्यरचनेचा एक भेद उरतो, आणि तो सर्वनामाच्या स्थानात दिसतो. 'मला सांगा' या आज्ञेत 'दीगामे' असे सर्वनाम क्रियापदास मागून जोडले जाते. 'त्याने मला सांगावे' या इच्छेत मात्र 'के मे दिगा' असे ते आधी येते. 'मला सांगू नका' ही आज्ञाच असली, तरी तेथे 'नो मे दिगा' असा इच्छेचाच क्रम राहतो.