रिकामी मात्रा

आमच्या निफाडच्या महिला भजनी मंडळात तबल्याला कोणी मिळेना. शेवटी चाळिशी उलटल्यावर मीच डग्ग्यावर हात ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "हे काय आता नवीन!" मुंबईच्या आबान मिस्त्रींनी (१९४०-२०१२) बाई असून एकल तबलावादनात नाव काढलं, हे सांगून मी त्यांना गप्प केलं.

केरवा जमला. अडायचं कडवं संपताना. ध्रुवपदाकडे येताना हाताला येईल ते सगळं मी भरून टाकायची. एकदा मंडळातल्या थोरल्या मावशी गाता गाता थांबल्याच. "अगं, श्वास तरी घेऊ दे मला!" सगळ्यांपुढे! रडूच आलं.

मग शिकवणाऱ्या सरांनी बोटांवर मोजून दाखवलं. केरव्याच्या मात्रा ८. तिरकिट एका मात्रेत, धा एका मात्रेत. हा तुकडा तीनदा वाजवायचा आणि शेवटचा धा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर आणायचा. सलग वाजवायची तर तिहाई चौथ्या मात्रेला उचलायची. ती बेदम. (माझा मारही बेदमच होता!) पहिल्या दोन धांनंतर एकेक मात्रा रिकामी सोडायची, तर दुसऱ्याच मात्रेला उठायचं. ही दमदार. दम म्हणजे श्वासच की!

मैत्रिणींनो, वाजवण्यापेक्षा ती रिकामी मात्रा अवघड. हात नुसते शिवशिवतात. मी ओठातल्या ओठात 'एक' म्हणते.

परवा एकादशीला एक तिहाई चुकलीच. दुसरीला मात्र मावशींनी त्या मोकळ्या जागेत श्वास घेतला आणि ध्रुवपद नेमकं समेवर उचललं.